चिंचे, त्याहिले सांग

तुम्हाला हाक कशी मारायची, इथंच पहिल्या ओळीला माझं अडलं. तुम्ही रंजूची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. पण हे मी चारचौघांत तुमच्याबद्दल बोलताना म्हणायचो. तुमच्याशी बोलताना काय म्हणायचं हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण तुमच्याशी मी कधी बोललोच नाही. लग्न झालं तेव्हा नाही, आणि सासरे गेल्यावर तुम्ही गावचं घर बंद करून ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आलात तेव्हाही नाही. आमच्याकडचे बोलणारे जावई सासूला मामी म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण कधी न वापरलेला शब्द एकदम तोंडात बसत नाही. म्हणून आज नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो, राग मानू नका.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं. माझ्या बरोबर ड्युटी करणारे तर विचारायचे, भांडण आहे का बुवा? भांडण कसलं! वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या अलीकडच्या तुमच्या गावात जुन्या बाया जावयाशी बोलत नाहीत, एवढंच. जावई आला की डोक्यावर पदर. तो बसला त्या बाजेवर टेकायचं नाही, त्याच्यासमोर जेवायचं नाही, आणि काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाकडून. आपल्या घरात हे तिसरं माणूस म्हणजे रंजू. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, “त्याहिले म्हनाव, पानी काढलं आंघोळीचं.” मी तिथंच चार पावलांवर बूट काढत असायचो आणि मला सगळं ऐकू यायचं. तरी रंजू येऊन “आई म्हणते, पाणी काढलं” असं सांगेपर्यंत मी बूट काढतच राहायचो. मधला माणूस डावलून उठणं बरं दिसत नाही.

आता तुम्ही गेलात, आणि या सगळ्यातला एक निरोप मध्येच अडकून पडला आहे. त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही रंजूला जवळ बोलावलं. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. तुम्ही तिच्या कानाशी काही बोललात, आणि बोलताना डोळे माझ्यावर होते. म्हणजे ते माझ्यासाठी होतं, त्यात शंका नाही. इतक्या वर्षांत तुमची निरोप देण्याची नजर मी चांगली ओळखतो. रंजूनं ऐकलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. ती परत आली तेव्हा तुम्ही नव्हतात. त्यानंतर तिनं मला ते सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “सांगीन.” पुन्हा विचारण्याची माझी छाती झाली नाही. ज्या बाईनं उभ्या संसारात तुमचे हजार निरोप पोचवले, तिच्यानं हा एक उचलवत नाही. तुमची लेक त्या दिवसापासून घरात वावरते, भाकरी करते, कपडे वाळत घालते, पण बोलत नाही. तिचं बोलणं अर्धंअधिक तुमचं न् माझं ने-आण करण्यात जायचं. ते कामच उरलं नाही.

आणि गॅलरीत आपली चिंच माजली आहे.

त्या चिंचेची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची! तुमच्याच पिशवीतली ती. तुम्ही आलात तेव्हा गावाकडची चिंच घेऊन आला होतात आणि चिंचोके खुशाल तुळशीच्या कुंडीत टाकले होतेत. त्यातला एक उगवला. मला तेव्हा नुकतंच बोन्सायचं वेड लागलं होतं. वसाहतीतल्या फुलांच्या प्रदर्शनात मी एक वडाचं झाड पाहिलं होतं, वीतभर उंचीचं आणि पारंब्या सुटलेलं. दिवसभर कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांजवळ उभं राहणाऱ्या माणसाला असं काही हिरवं आपल्या हातांनी घडवावं वाटलं, यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. मी चिंचेचं रोप उपटलं, त्याचं सोटमूळ कापलं आणि पसरट कुंडीत लावलं. तुम्ही पडद्याआडून पाहत होतात. संध्याकाळी रंजूनं निरोप आणला, “आई म्हणते, त्या लेकराचा पाय काऊन कापला?”

मी म्हटलं, “सांग, असंच करा लागते.”

“आई म्हणते, कोनं सांगतलं?”

“पुस्तकात आहे.”

“आई म्हणते, पुस्तकवाल्याचा कापा म्हनाव.”

तेव्हापासून वादाला तोंड फुटलं. नंतर फांदीला वळण द्यायला तार गुंडाळली, तर ‘बेड्या घातल्या’. कुंडी बुटकी घेतली, तर ‘उपाशी ठेवलं’. रंजू बिचारी या खोलीतून त्या खोलीत. एक दिवस हातात पिठाचा गोळा घेऊन मधोमध उभी राहिली आणि ओरडली, “मी पोस्टमन आहो का तुमची? समोरासमोर बोला ना दोघं!” तुम्ही पदर आणखी पुढं ओढला आणि मी पेपर. त्या एका बाबतीत आपलं नेहमी जमायचं.

मग दुधाचा दिवस आला. रंजू दूध मंद गॅसवर ठेवून बाजारात गेली होती. मी गॅलरीत चिंचेजवळ बसलो होतो. गॅसच्या बटनाला हात लावण्याची तेव्हा तुमची हिंमत नव्हती. चुलीवर हयात गेलेली तुमची, ते बटन म्हणजे तुम्हाला बॉम्ब वाटायचा. आत दूध वर यायला लागलं. जावयाला सांगावं तर रीत मोडते, न सांगावं तर दूध जातं. तुम्ही गॅलरीच्या दारात आलात, माझ्याकडं पाठ केलीत, आणि झाडाला म्हणालात, “चिंचे, त्याहिले सांग, दूध उतू जाऊन राह्यलं.”

मी धावत जाऊन गॅस बंद केला. परत आलो तेव्हा तुम्ही तिथंच होतात, पाठ करून. मीही झाडालाच म्हटलं, “चिंचे, त्याहिले सांग, वाचलं दूध.” पदराआड तुम्ही हसलात. आवाज नाही आला, पण खांदे हलले ते मी पाहिलं.

तिथून आपली वाट मोकळी झाली. रंजूला अर्धी सुटी मिळाली आणि चिंचेला नोकरी लागली. मी ड्युटीवरून यायचो, कंपनीच्या बसमधून उतरायचो, आणि जिन्यातच तुमचा आवाज ऐकू यायचा. “चिंचे, आज बापा उशीर झाला यायले. भाजी तीनदा गरम केली म्हनाव.” मी बूट काढता काढता म्हणायचो, “चिंचे, पट्टा बंद पडला होता. माझ्या हातात नाई ते.” आमची पोरगी नागपूरला शिकायला गेली तेव्हा जाता जाता म्हणाली, या घरात सगळ्यात जास्त ऐकून घेणारं कोणी असेल तर ते झाड आहे. खरंच होतं तिचं.

पण वाद होताच. तो होता शेंड्याचा.

लहान झाडाचं असं असतं की त्याला उंच जायची घाई. सगळा जोर शेंड्याकडं. तसंच सोडलं तर ते काठीसारखं सरळ वर जातं, खाली उघडं आणि वर चार पानं. म्हणून शेंडा खुडायचा. मग खालच्या पेरांतून दोन कोंब फुटतात. त्यांना पाच-सहा पानं येऊ द्यायची, की पुन्हा पुढचं कोवळं नखानं खुडायचं, मागची दोन पानं ठेवायची. दोनाचे चार, चाराचे आठ. असं खुडत खुडत ते लहानसं झाड भरतं, दाट होतं, आणि एक दिवस बघणाऱ्याला वाटतं की हा शंभर वर्षांचा वृक्षच कुणी दुरून दाखवतो आहे. एवढं सगळं मी एका रविवारी चिंचेला समजावून सांगितलं. तुम्ही दारात तांदूळ निवडत होतात. माझं झाल्यावर तुम्ही सूप खाली ठेवलंत.

“चिंचे, बाळाचं जावळ काढतेत त एकडाव काढतेत. हे त आठ दिवसाले तुले नाव्ह्याकडं बसवून राह्यले.”

माझ्याजवळ तेव्हा हुकमाचं पान होतं. तुमच्या गावी धान कापल्यावर त्याच बांधीत लाखोरीची डाळ पेरतात. हिवाळ्यात तुम्ही बाया जाऊन तिचे कोवळे शेंडे खुडून आणता आणि भाजी करता, उरलेली वाळवून ठेवता. खुडलेली लाखोरी आणखी पसरते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. मी म्हटलं, “चिंचे, विचार त्याहिले, जन्मभर लाखोरी खुडली ना? मग तिचं जावळ नव्हतं का?”

तुम्ही सूप पुन्हा मांडीवर घेतलंत. मला वाटलं जिंकलो. मग तुम्ही म्हणालात, “ते खायाले खुडतो. हे काऊन खुडते?”

पाहायला खुडतो, असं म्हणू शकलो असतो. पण तुमच्या तोंडून ते ‘खायाले’ इतकं सरळ आलं की त्यापुढं माझं पाहणं लंगडं वाटायला लागलं. तो वाद मी आजही मनात घालत असतो. झाडाला माणसानं कशासाठी हात लावावा, याचं तुमचं माप वेगळं आणि माझं वेगळं. मला वाटतं दोन्ही मापं खरी आहेत. तुम्ही हे मान्य करणार नाही.

दुसरा वाद वेळेचा. संध्याकाळी चिंच पानं मिटते. मी घरी यायचो तेच दिवेलागणीला, आणि हात शिवशिवायचे. कात्री उचलली की आतून हुकूम यायचा, “झोपलं ते लेकरू! झोपल्यावर हात लावते काय कोनी?” आता पानं मिटली म्हणजे झाड झोपलं असं नसतं, हे मी सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी खुडण्याचं काम सुटीच्या सकाळवर टाकलं, पानं पुरती उघडल्यावर. तुम्ही उठून पाहून जायच्या, उघडली का. मग आतून कळायचं, “उठलं म्हनाव आता.”

आणि एवढा विरोध करून त्या झाडाची काळजी मात्र माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घेतलीत. आमच्याकडं राख काय कमी पडते? सकाळी पुसलेली खिडकी दुपारी करडी. तुम्ही रोज पदराचं टोक ओलं करून चिंचेची पानं पुसायच्या. एवढी बारीक पानं, एकेक! उन्हाळ्यासाठी मी वर हिरवी जाळी बांधली होती, ती वादळात फाटली. मी नवी आणणार, तोवर तुम्ही सुई-दोरा घेऊन ती शिवून टाकलीत, नदीवरच्या जाळ्याला मारतात त्याच गाठी मारून. त्या भोकांतून आता बारीक मासळीही निसटली नसती. मी चिंचेकडून शाबासकी कळवली. तुम्ही म्हणालात, “हात रिकामे होते म्हनून केलं.”

मग ती चटणी.

मी खुडलेले शेंडे पेपरावर पडू द्यायचो आणि पेपर गुंडाळून कचऱ्यात टाकायचो. एका रविवारी पेपर गायब. दुपारी रंजूनं माझ्या ताटात एक वाटी ठेवली. वाळलेले झिंगे, लसूण, लाल मिरची, आणि त्यात काहीतरी कोवळं आंबट. मी बोट लावलं आणि डोळेच मिटले. चिंचेचा कोवळा पाला झिंग्यात घालतात, हे मी सिरोंच्याकडच्या एका सोबत्याच्या डब्यात खाल्लं होतं. पण माझ्या बोन्सायचा पाला! मूठभर तरी असेल की नाही कोण जाणे. मी आणखी भात मागितला. दारामागून तुमचा आवाज आला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात तक्रार नव्हती.

“चिंचे, खुडा म्हनाव आता. वाया नाई जाऊन राह्यलं.”

असा आपला तह झाला. माझं पाहणं झालं आणि तुमचं खाणं. त्या दिवसापासून शेंडे पेपरावर पडायचे बंद झाले. खाली स्टीलची ताटली येऊन बसायची. आणि मग तुमचीच घाई सुरू झाली. “पाला कवा काढते? जून होऊन राह्यला.” मी म्हणायचो, अजून दोन पानं येऊ द्या. तुम्ही म्हणायच्या, येऊ द्या येऊ द्या करत लाकूड होईल त्याचं. सासू जावयाच्या झाडाला जपते म्हणून मी ज्यांना कौतुकानं सांगत होतो, त्यांना आता सांगायला लागलो की सासू झाडावर टपून आहे.

शेवटी व्हायचं तेच झालं. प्लांटच्या मोठ्या दुरुस्तीचे दिवस होते, मी सकाळी जाऊन रात्रीच यायचो, गॅलरीत डोकावायलाही वेळ नव्हता. काम संपल्यावर सुटीच्या दिवशी चहा घेऊन गॅलरीत गेलो आणि कप हातातच राहिला. चिंच बोडकी! शेंडे नाहीत, पानं नाहीत, काड्या नुसत्या. तुमच्या गावचे पाहुणे येऊन गेले होते, आणि चटणीची कीर्ती गावापर्यंत पोचली होती. इतकी वर्षं दाट केलेलं झाड तुम्ही एका सकाळी ओरपून घेतलंत, वर कांदा घालून चटणी वाढवलीत.

मला असा राग आला! आणि रागवायचं कोणावर? जावयानं सासूवर ओरडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी त्या बोडक्या झाडासमोर उभा राहून त्यालाच ओरडलो, “कोनं केलं हे? काही अक्कल आहे का?” झाड काय बोलणार! आत भांड्यांचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानं दारामागून बारीक आवाज आला, “पाहुने आले होते.” आणि मग आणखी बारीक, “येईल म्हनाव पाला. चिंच कोनाच्या बापाले मरत नाई.”

चिंच मेली नाही. काही दिवसांतच काडीकाडीला लाल-पोपटी ठिपके आले, आणि असे आले की मी इतकी वर्षं नखानं मोजूनमापून जे करत होतो ते तुमच्या एका ओरबाडण्यानं झालं. जिथं एक फांदी होती तिथं तीन. त्या साली झाड खरं भरलं. पुढं मला पुस्तकातही सापडलं की कधीकधी मुद्दाम सगळी पानं काढतात. ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तसंही येणाऱ्या-जाणाऱ्याला झाड दाखवून सांगत होतात, “हे मी भरवलं. नाई त त्याहिचं नुसतं तारा बांधनं.”

हे सगळं आठवताना मी हसतो, आणि मग दवाखाना आठवतो. चंद्रपूरच्या त्या खोलीत चिंच नव्हती. रंजू औषधं आणायला खाली गेली होती. तुम्हाला तहान लागली. तुम्ही आधी दाराकडं पाहिलंत, कोणी येतं का. मग खिडकीत पाहिलंत, तिथं कुंडी नव्हती. शेवटी सलाईनच्या दांड्याकडं तोंड केलंत. “त्याहिले सांग, पानी पाह्यजे.” ओठ सुकले होते, शब्द निघत नव्हता, तरी त्या लोखंडी दांड्याला मधे घेतल्याशिवाय तुम्ही मागितलं नाहीत. मीही दांड्यालाच सांगितलं, “डॉक्टर चमच्या-चमच्यानंच द्या म्हणले.” आणि चमच्यानं पाजलं. तुम्ही डोळे मिटून प्यालात. माझ्या हातून तुम्ही घेतलेलं हे पहिलं काही. पदर तेव्हा डोक्यावर नव्हता, तो सावरायला तुमचा हात उठला आणि मध्येच पडला. मी सावरून दिला.

तुमच्या अस्थी वैनगंगेतच सोडल्या, तुमच्या घाटावर. त्याच पाण्यात तुम्ही नवऱ्याबरोबर जाळी ओढली. घरी आलो तर चिंचेला नवा पाला फुटायला सुरुवात झाली होती. आता तो वीतभर लांब झाला आहे, सगळ्या बाजूंनी सुटला आहे. आणखी थोडे दिवस गेले तर कोंब जून होतील, शेंडे वर पळतील, खालच्या बारीक फांद्या उपाशी पडून वाळतील. इतक्या वर्षांचा आकार जाईल. मी परवा कात्री काढली, तर रंजू दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “राहू द्या.” एवढंच. मी कात्री ठेवून दिली. मला कळलं तिला काय वाटतं. तुमचं बोलणं त्या झाडाशी व्हायचं. त्याचा शेंडा तोडणं तिला नको आहे. पण तुमची चिंच अशी हातची जाऊ देणंही मला बरं वाटेना. झाड अडलं आहे, रंजू अडली आहे, आणि तुमचा निरोप तिच्यापाशी अडला आहे. या तिघांत मी कुठून सुरुवात करू, ते तुम्हीच सांगा.

*

वरचं लिहून तीन-चार दिवस तसंच ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो आहे.

आज सुटी. सकाळी उठलो, ऊन गॅलरीत आलं होतं, तुमच्या गाठींच्या जाळीतून खाली सांडलं होतं. पानं उघडली होती. मी रंजूला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला नाही म्हणावं लागलं असतं. मी स्टीलची ताटली आणली, खाली ठेवली, आणि कात्री न घेता नखानं खुडायला लागलो. दोन पानं ठेवायची, पुढचं काढायचं. पाला मऊ होता, बोटांना आंबट वास लागला. सगळं झाड फिरवून फिरवून खुडलं. आत रंजूची चाहूल थांबली होती, ते मला कळत होतं.

ताटली भरली. मग मी, तिच्याकडं न बघता, झाडाला म्हटलं, “चिंचे, रंजूले सांग, पाला काढला. जून होऊन राह्यला होता.”

मला वाटलं, चुकलंच आपलं. मग फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. तुम्ही गावाहून आणलेले झिंगे त्यात तळाशी उरले होते, ते काढायला तिला डबा उलटा करून ठोकावा लागला. ती आली, ताटली उचलली, आत गेली. लसूण ठेचल्याचा आवाज आला. मी तिथंच बसून राहिलो, नखं हुंगत.

चटणीत मीठ जास्त झालं. तुमच्या हाताची सर नाही आली. आम्ही दोघांनी एकाच ताटात घेऊन ती सगळी खाल्ली, शेवटी वाटी बोटानं पुसली. खाताना ती रडत होती आणि भातही वाढून घेत होती. खूप दिवसांनी ती पोटभर जेवली, ते पाहून मला काय वाटलं ते तुम्ही आई आहात, तुम्हाला समजेल.

जेवण झाल्यावर मी गॅलरीत कुंडीला पाणी देत होतो. रंजू दारात आली. तिथंच, जिथं तुम्ही उभ्या राहायच्या. माझ्याकडं तिनं पाठ केली आणि झाडाकडं तोंड.

“चिंचे,” ती म्हणाली, आणि तिला पुढं बोलवेना. मी थांबलो. मधलं माणूस सांगेपर्यंत थांबायची मला सवय आहे.

“चिंचे, त्याहिले सांग, आई म्हनत होती,” ती म्हणाली, आणि शब्द तुमचेच होते, आवाजही जवळजवळ तुमचा, “रीत मले होती, त्याहिले नोती. एकडाव मामी म्हनून हाक मारली असती, त मी ओ देल्ली असती.”

माझ्या हातातला मग कलंडला, पाणी कुंडीतून वाहून गॅलरीभर झालं. इतकी वर्षं मी समजत होतो की तुमची रीत मी पाळतो आहे. आणि तुम्ही दाराआड कान देऊन होतात, कधी हाक येते म्हणून. बाई, एवढं होतं तर चिंचेला सांगायचं ना! एवढं सगळं सांगायच्या तिला.

रंजू वळली नव्हती. मी झाडाकडं नाही पाहिलं. आतल्या खोलीत, खिडकीजवळ, तुमची बाज अजून आहे, तिच्याकडं तोंड केलं आणि म्हटलं, “मामी.”

शब्द बसला तोंडात. वाटलं होतं तितका परका नव्हता. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, जिन्यातून येताना माणूस घरात हाक मारतो तशी.

“मामी!”

मग माझ्या मागून, आयुष्यभर तुमचे निरोप आणत आली तशीच, रंजूनं तुमच्या वतीनं ओ दिली.